ताडपत्रीचा झोळ

"भिंतीला खिळे कशाला ठोकतेस गं?" सासूने विचारलं.

"साखळी लटकवायचीय, आई. दोन टोकांना अडकवली की मधे जो झोळ पडतो ना, तशीच ताडपत्रीची कड आत वळवून कापायची. मग ओढून बांधली की ताण बसतो. फडफडत नाही."

"फडफडू दे की. कोणाचं काय खातंय?"

सून खिळे ठोकत राहिली. मोटारींच्या सीटची कव्हरं शिवण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. कापड कुठे ताणतं, कुठे रुसून बसतं, हे तिला बोटांनीच कळायचं. ही ताडपत्री मात्र नवऱ्याने शिवलेली होती, तिच्याच मशीनवर, तिला हात लावू न देता. सुट्टी मिळाली की हा गडी पाठीला पिशवी अडकवून डोंगरात मुक्कामाला पळायचा. त्या सरळसोट कडा पाहून तिला हसू आलं होतं.

"वाऱ्यात बोंबलेल ही."

"बोंबलू दे. तेवढीच सोबत," तो म्हणाला होता.

गेल्या हिवाळ्यात तो परतला नाही म्हणून शोधायला गेलेल्या लोकांना दोन झाडांना बांधलेली ताडपत्री सापडली. खाली अंथरूण, बूट नीट जोडीने ठेवलेले. तो नव्हता. पुढेही कधी सापडला नाही.

सासूने ती ताडपत्री परसात बाकाच्या वर छतासारखी बांधून घेतली. वारा सुटला की कडा फडफडायच्या आणि बाकावर बसलेली म्हातारी म्हणायची, "ओ! आहे रे, इथेच आहे." शेजारीण म्हणे, म्हातारीचं डोकं फिरलंय. सून तिकडे कानाडोळा करायची.

पण कान बंद करता येत नव्हते. त्या फडफडीत तिला स्वच्छ ऐकू यायचं, "ए टेलरबाई!" त्याच्याखेरीज जगात तिला कोणी या नावाने हाक मारत नसे. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

खिळ्यांमागे लावलेल्या कागदावर तिने खडूने साखळीचा झोळ उतरवला, कागद कापला, परसातून सोडून आणलेल्या ताडपत्रीवर मांडला. कात्री चालली तशी सासू उठून परसात गेली. वळणावरची कड ओढली की सैल पडते, म्हणून तिने ती न ताणता, टाचणी टाचणीने दुमडत शिवली. चंद्रकोरीसारख्या कापलेल्या पट्ट्या मशीनखालीच पडल्या. दुपारी दोघींनी मिळून ताडपत्री परत बांधली, घराचं दार ओढून घेतलं आणि बाकावर टेकल्या.

वारा आला. शेजारचे पत्रे वाजले, दोरीवरचे कपडे उडाले. ताडपत्री मात्र ढोलासारखी ताठ, हूं की चूं नाही.

"गप्प केलंस त्याला," सासू म्हणाली.

"आई, कापड होतं ते."

"मला काय सांगतेस? मला तर कापडच ऐकू यायचं."

सून बघतच राहिली. "मग तुम्ही ओ कोणाला द्यायचात?"

"तुझा हात चालता चालता थांबायचा. चेहरा पांढराफटक पडायचा. म्हटलं, हिला हाक मारतोय तो, आणि ही ओ देत नाहीये. पोरगं किती वेळ ओरडत बसणार? म्हणून मी द्यायचे." तिने सुनेकडे पाहिलं. "काय म्हणायचा गं?"

"टेलरबाई म्हणायचा."

"आणि?"

"एवढंच."

"लहानपणीही तसाच होता. हाका मारमारून जीव खायचा. जाऊन बघावं तर काम काहीच नाही."

वारा पडला. दोरीवरचे कपडे सरळ लोंबू लागले.

आणि हाक आली. परसातून नाही. पाठीमागून, ओढून घेतलेल्या दाराच्या आतून, मशीनच्या खोलीतून. डोक्यावरची ताडपत्री तसूभरही हलली नव्हती.

सून दाराकडे वळली.

"ओ," ती म्हणाली.

सासूने वळून पाहिलं नाही. ती फक्त बाकावर थोडी सरकली, आणि दोघींच्या मधे एका माणसापुरती जागा झाली.