उलटा स्वेटर

रानाचा राखणदार भूत असलेल्या लेशीने कपाळावर हात मारून घेतला. ती कार्टी त्याच भूर्जाच्या झाडाला तिसऱ्यांदा वळसा घालत होती आणि पुन्हा दलदलीकडेच निघाली होती!

हे रान त्याचं, चुकलेल्यांना वाट दाखवायचं कामही त्याचंच. गेल्या शरदात लाकूडतोड्याच्या मुलापर्यंत पोचायला त्याला उशीर झाला होता. त्या पोराचा एक बूट त्याने अजून आपल्या ढोलीत जपून ठेवला होता. आज सूर्य टेकला होता, पाण्यावर बर्फाची साय धरू लागली होती, आणि ही आठ वर्षांची फेन्या हातात फळांची बादली घेऊन खुशाल भटकत होती.

त्याने तिच्यापुढे लोकरीचा गुंडा सोडला. तो थेट गावाकडे गडगडत जायचा, मागे चालत राहिलं की झालं. पण फेन्या तो बघताच किंचाळली, तिने स्वेटर काढून उलटा घातला आणि बूटही डाव्याचा उजव्या पायात, उजव्याचा डाव्या पायात अडकवला. गुंड्याचं तिथल्या तिथे पाइनचं बोंड झालं. लेशीची जादू हाणून पाडायची ही युक्ती गावातल्या आज्या पोरांना पाळण्यातच शिकवतात.

शेवटी तो म्हाताऱ्याच्या रूपात समोर उभा राहिला. "चल बाळ, घरी सोडतो."

फेन्याने आधी त्याचे पाय पाहिले. "तुमचे बूट उलटे आहेत. तुम्ही लेशी आहात!"

"आणि तुझे कसे आहेत गं?"

"मी तुमच्यामुळेच उलटे घातलेत! आजी म्हणते, तुम्ही माणसांना चकवता."

"चकवतो? अगं, मघापासून तुझ्या मागे धावून माझी कंबर मोडली! त्या बाजूला दलदल आहे, मूर्ख पोरी!"

फेन्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मटकन एका तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर बसली. आजीने आणखी एक सांगितलं होतं: काहीच जमलं नाही, तर बुंध्यावर पाव ठेवून लेशीलाच विनवायचं. तिने खिसा चाचपला आणि काळ्या पावाचा एक कडक तुकडा काढला.

"आजोबा, बाकीचा मी खाल्ला. हाही उष्टाच आहे. पण मला आईकडे जायचंय."

लेशीने तो तुकडा उचलून तोंडात टाकला. "आधी स्वेटर आणि बूट सरळ कर. उलटे आहेत तोवर माझं काही चालत नाही."

"आणि मग तुम्ही मला खाल्लंत तर?"

"तुझा उष्टा पाव खातोय, तेवढं पुरे नाही का?"

फेन्याने ओठ घट्ट मिटले आणि स्वेटर, बूट सरळ केले. बोंडाचा पुन्हा गुंडा झाला आणि गावाकडे गडगडत निघाला.

कुंपणाशी आजी कंदील घेऊन उभी होती. नातीला कवटाळत ती म्हणाली, "स्वेटर उलटा केला होतास ना? बघ, म्हणून वाचलीस!"

"हो, आजी," फेन्या म्हणाली.

झाडामागे लेशी धुसफुसत राहिला. रात्रभर त्याने ढोलीत बडबड केली की यापुढे एकालाही वाट दाखवणार नाही, मरेनात का!

सकाळी बुंध्यावर आख्खा पाव होता, अजून गरम. वाटेत कुणीतरी त्याचा एक घास तोडून खाल्ला होता.

"या कार्टीला धीर म्हणून नाही!" लेशी ओरडला. मग पावाचे दोन भाग करून त्याने एक ढोलीत नेला आणि त्या छोट्या बुटाशेजारी ठेवला.