राहिलेला फोन

परीक्षक कोण येणार हे सकाळी फलकावर लागलं आणि माझ्या वर्गातल्या झान्सीने ते माझ्याआधी वाचलं. कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर पेसरट्टूची, मुगाच्या डोशाची, प्लेट ठेवत ती म्हणाली, "आधी खाऊन घे. मग सांगते."

"आत्ताच सांग."

"पट्टाभिराव. कळिंगसागर अलॉइजचा जनसंपर्क प्रमुख."

नान्ना, माझे वडील, त्याच कारखान्यात भट्टीवर होते. मागच्या उन्हाळ्यात भट्टी फुटली. अम्मा दुपारी टीव्हीसमोर शेंगा सोलत बसली होती. पडद्याखालून कंपनीचं निवेदन सरकत गेलं: मृताचे नाव बोड्डु सिंहाचलम, कुटुंबीयांना कळवण्यात आले आहे. आम्हाला कुणीही कळवलं नव्हतं. तेव्हापासून अम्मा अनोळखी नंबरचा फोनसुद्धा पहिल्या रिंगला उचलते. कर्ज हवंय का विचारणाऱ्या मुलींनाही ती हळू आवाजात म्हणते, "सांग बाळ, काय झालं?"

"ताप आलाय म्हणून कळव," झान्सी म्हणाली. "पुढच्या वर्षी दे."

"आणि पुढच्या वर्षीची फी तुझी अत्तम्मा भरेल?"

"आधी मला नवरा तरी मिळू दे, मग सासूला सांगते!"

हसू आलं, पण प्लेट मी बाजूला सरकवली. ही तोंडी परीक्षा गेली असती तर वर्ष गेलं असतं. तीस ओलांडल्यावर, साड्यांच्या दुकानातली नोकरी सोडून मी जनसंपर्काच्या या वर्गात येऊन बसले होते. पट्टाभिरावांसमोर उभं राहून आवाज कापू न देता बोलायचं, एवढंच मला साधायचं होतं.

आमच्याकडे ही परीक्षा अशी होते: गटाला एक खोटा अपघात देतात, निवेदन लिहायला तासभर देतात आणि चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याने प्रवक्ता होऊन पत्रकारांना तोंड द्यायचं. पत्रकार म्हणजे बाकीचा वर्ग, आणि तो जिवावर उठल्यासारखा विचारतो. आम्हाला बिस्किटांचा कारखाना मिळाला. बॉयलर फुटून एक कामगार ठार. चिठ्ठीत माझं नाव निघालं.

कामेश्वरी मॅडमनी मला दाराशी बोलावलं. "हैमवती, दुसरी चिठ्ठी काढते. कुणी काही बोलणार नाही."

"नको, मॅडम."

आमच्या गटातला फणींद्र लॅपटॉपवर निवेदन भरत होता. विभागाचा एक तयार मसुदा असतो. खेद, चौकशी, मदत, सगळं आधीच छापलेलं; आपण फक्त नाव आणि जागा घालायची. शेवटची ओळ होती, मृताच्या कुटुंबीयांना कळवण्यात आले आहे.

"ती ओळ काढ," मी म्हटलं.

"मार्क जातील, अक्का. ती असावीच लागते."

"आपण कळवलंय का?"

"कुणाला? बॉयलर खोटा, माणूस खोटा. त्याची बायको कुठून आणू?"

वेळ संपली. ओळ तशीच राहिली.

पट्टाभिराव पहिल्या रांगेत बसले होते. पांढरा शर्ट, कपाळावर बारीक कुंकू, पुढ्यात आमच्या निवेदनाची प्रत. मी वाचायला लागले. शेवटच्या ओळीपाशी आले आणि कागद खाली ठेवला.

"मृताचं नाव काय?" मागून आरोळी आली.

"आत्ता सांगणार नाही."

"का, दडवताय? बायकोला पैसे चारून गप्प बसवलंत वाटतं!"

वर्ग हसला. "त्याच्या घरी अजून फोन गेलेला नाही," मी म्हटलं. "तो झाल्यावर नाव सांगू."

पट्टाभिरावांनी पेन वर केलं. "एक मिनिट. कळवलं आहे असं इथे लिहिलंय. तुम्ही ती ओळ गाळलीत."

"ती खरी नाही, सर."

"हा सराव आहे."

"सरावातच सवय लागते, सर."

कामेश्वरी मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. पट्टाभिरावांचा आवाज चढला नाही. "तुम्ही गप्प राहिलात की अफवा उठते. प्रवक्त्याने बोलायचं असतं. घरी फोन करणं हे कर्मचारी विभागाचं काम."

"त्यांनी तो केला का, हे आपण विचारायचं नसतं?"

गुण द्यायचा तक्ता पट्टाभिरावांनी जवळ ओढला आणि माझ्या नावावर बोट ठेवलं.

"बोड्डु," ते म्हणाले. "सिंहाचलम तुमचे..."

"नान्ना."

पट्टाभिरावांनी चष्मा काढला.

"त्या दिवशी कागद माझ्यापुढे आला तेव्हा ती ओळ त्यात होतीच. मला वाटलं, कर्मचारी विभागाने फोन केला असेल."

"त्यांना वाटलं असेल, तुम्ही केलात."

माझा आवाज कापला नाही. मी पाणी प्यायले, कारण पुढचं बोलायचं होतं आणि ते परीक्षेत बसणारं नव्हतं.

"अम्माला अजून कुणीच फोन केलेला नाही, सर. ती वाट बघते."

मॅडम उठू लागल्या. पट्टाभिरावांनी हातानेच त्यांना थांबवलं. तक्त्यावर माझ्या नावापुढचा रकाना रिकामाच होता. तो त्यांनी मॅडमकडे सरकवला. "हिचे गुण तुम्हीच द्या. मी देऊ शकत नाही."

मग खिशातून फोन काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नंबर सांगा."

मी सांगितला. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. मी उभी होते तिथवर अम्माचा आवाज आला, "सांग बाळ."

पट्टाभिराव खुर्चीतून उठून उभे राहिले आणि त्यांनी आधी स्वतःचं नाव सांगितलं.