कोरा प्रश्न

जुन्नरच्या स्टँडवर गाडी बदलताना कुंडलिक अण्णांना दोनदा वाटलं, परत निरगुडसरला जावं. हे काम आपलं नव्हे. ग्रुपवरच्या कुणातरी बोलक्या माणसाला पाठवायला हवं होतं. पण डिंगोऱ्याच्या सगळ्यांत जवळ राहणारे तेच, म्हणून काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. डिंगोऱ्याची गाडी लागली, तसे ते चढले आणि खिडकीशी बसून मनातल्या मनात एकच वाक्य घोकू लागले.

ते ज्या ग्रुपवर होते, तो 'हातचा एक' या कार्यक्रमाच्या चाहत्यांचा. वीसेक वर्षांपूर्वी हा खेळ एका मराठी वाहिनीवर लागायचा. तीन स्पर्धक, मधे तांब्याचं घंगाळ. घंगाळातून चिठ्ठी काढायची, चिठ्ठीतल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. चुकलं तरी एक गुण हाती राहायचा, म्हणून ते नाव. पुढे वाहिनीच बंद पडली, कार्यक्रमाच्या टेपा कुठे गेल्या कुणालाच माहीत नाही, आणि जग तो कार्यक्रम विसरून गेलं. विसरले नव्हते ते हे एवढे लोक.

यांना काय काय ठाऊक होतं! पहिल्या वर्षीची घंटा एसटीच्या कंडक्टरची होती, दुसऱ्या वर्षी ती बदलली. घंगाळाला एक पोचा होता, आणि तो कॅमेऱ्यासमोर येऊ नये म्हणून टेबलावर खडूची खूण असायची. टाळ्या कुठल्याशा कुस्तीच्या आखाड्यात टेपवर भरून आणलेल्या होत्या. कान देऊन ऐकलं तर टाळ्यांच्या मागे एकजण 'उचल, उचल' असं ओरडताना ऐकू यायचा. यावर ग्रुपवर तासन्‌तास वाद चालत. अण्णा हायस्कुलात ग्रंथपाल होते तेव्हापासून त्यांना असल्या बारीक गोष्टींची गोडी. पण ग्रुपवर ते क्वचितच लिहीत. लिहायचे, वाचायचे, आणि पुसून टाकायचे.

शेवटचा भाग चित्रित झाला, पण तो दाखवायच्या आधीच वाहिनी बंद पडली. त्या भागातले दोन स्पर्धक ग्रुपला सापडले होते. एक वारले होते. दुसऱ्यांना शेजारी कोणी बाई होती एवढंच आठवत होतं. नाव नाही, चेहरा नाही. त्या बाई आपणच, असं डिंगोऱ्याच्या वैजयंतीबाई म्हणत होत्या.

असं म्हणणारे पुष्कळ येत. म्हणून ग्रुपचा एक रिवाज होता. प्रत्येक भागाची एखादी गोष्ट, जी कधीही कुठे लिहिलेली नाही, ती दोघातिघांनीच जपून ठेवायची आणि दावा करणाऱ्याला समोरासमोर विचारायची. त्याला ते कोरा प्रश्न म्हणत. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. माणूस घामाघूम झाला तरी गप्प बसायचं. शेवटच्या भागासाठी असा एकच प्रश्न शिल्लक होता. सेटला रंग देणाऱ्या गेणभाऊंनी तो ग्रुपला दिला होता.

ग्रुप चालवणाऱ्या समर्थने निघताना फोनवर बजावलं होतं, "अण्णा, तुम्ही मनाचे मऊ. मूग गिळून बसा, राव. एवढंच काम आहे."

वैजयंतीबाईंची खोली रस्त्यालगत होती. पुढे शिलाई मशीन, त्यावर फॉल लावायला आलेल्या साड्या, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. मुलगी आधीच येऊन बसली होती. अक्षदा जुन्नरला एका पतसंस्थेत नोकरीला होती. तिला दिवस होते, पाचवा महिना. नवरा, मोहित, मोटरसायकल लावून बाहेरच उभा राहिला.

"तुमी या, अण्णा," वैजयंतीबाई म्हणाल्या. "ही माझी अक्षदा. माझी म्हणजे... तिच्या आजीनं वाढवली."

"ते सगळ्यांना माहितीये आई," अक्षदा म्हणाली. "अण्णांना काय विचारायचंय ते विचारू दे. मला परत जायचंय."

अण्णांना सगळी हकीगत फोनवर कळली होती. वैजयंतीबाई तेव्हा जुन्नरला सासरी होत्या. शेजारच्या दुकानातल्या फोनवर कार्यक्रमाचं बोलावणं आलं. नवऱ्याला रजा मिळेना, म्हणून त्या एकट्याच मुंबईला गेल्या. चित्रीकरण लांबलं, आणि दोन रात्री त्या इतर बायकांसोबत स्टुडिओच्या ओट्यावर राहिल्या. परत आल्या तेव्हा गल्लीभर सांगितलं की मी टीव्हीवर दिसणार. भाग लागायच्या दिवशी अर्धी गल्ली त्यांच्या घरात टीव्हीसमोर बसली. पडद्यावर मुंग्या आल्या, त्या गेल्याच नाहीत. मग सासूने विचारलं, "दोन रात्री व्हतीस कुठं?" तो प्रश्न नवऱ्यानेही विचारला, गल्लीनेही विचारला. शेवटी त्या माहेरी डिंगोऱ्याला आल्या. अक्षदा तिकडेच राहिली, तोच प्रश्न ऐकत मोठी झाली. बाप मागच्या वर्षी गेला.

आता तिचं डोहाळजेवण होतं. आजीचं म्हणणं, ती बाई दारात नको. अक्षदाचं म्हणणं वेगळं होतं, आणि तिने ते आईला स्पष्ट सांगितलं होतं. "तू खरंच गेली व्हतीस असं त्या लोकांनी सांगितलं तर मी स्वतः न्यायला येईन. आजीला काय सांगायचं ते मी बघते. पण मला आधी कळू दे."

अण्णा खुर्चीच्या कडेवर बसले. घोकलेलं वाक्य बाहेर आलं. "शेवटच्या भागाच्या वेळी, तुम्ही उभ्या होता तिथं, तुमच्या पायाखाली काय होतं?"

वैजयंतीबाईंनी अक्षदाकडे पाहिलं. अक्षदा त्यांच्याकडे बघत होती; डोळे न हलवता, कदाचित कित्येक वर्षांत पहिल्यांदा. त्यांचा हात मशीनवरच्या साडीत शिरला आणि पदर चुरगाळू लागला.

"पायाखाली," त्या म्हणाल्या. "पायाखाली म्हणजे... फरशी व्हती ना?"

अण्णा गप्प राहिले.

"चपला काढायला लावल्या व्हत्या. न्हाई, ते आधी, मेकपला. थांबा. मला आठवतंय. लई लायटी व्हत्या. डोळ्यांपुढं अंधारी येत व्हती."

"आई, शांतपणे आठव," अक्षदा म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता. तिलाही हवं होतं ते उत्तर.

वैजयंतीबाईंच्या वरच्या ओठावर घाम आला. अण्णांना तो बघवेना. सबंध आयुष्य त्यांनी ग्रंथालयाच्या टेबलामागे काढलं होतं. पोरगं समोर उभं राहायचं, पुस्तकाचं नाव आठवायचं नाही, कान लाल व्हायचे. आणि अण्णा हळूच नाव सुचवायचे. ते त्यांच्या हाताला, जिभेला लागलेलं वळण होतं.

"गोणपाट तर नव्हतं?" ते म्हणाले.

"गोणपाट!" वैजयंतीबाई जवळजवळ ओरडल्या. "गोणपाटच! खालचा रंग वला व्हता ना, म्हणून टाकलेलं. निळा रंग. माझ्या साडीच्या काठाला लागला. मी म्हणलं, आता सासूबाई बोलणार!" त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "बघ अक्षू, गोणपाट!"

अक्षदा हसली नाही.

"अण्णा," ती म्हणाली, "तुमीच सांगितलंत."

"रंगाचं मी बोललो नाही," अण्णा घाईने म्हणाले. "ओला रंग, निळा, हे त्यांनी स्वतः सांगितलं."

"निळाच व्हता हे कुणाला माहितीये?"

"गेणभाऊंना. त्यांनीच रंग दिलेला."

"मग त्यांना फोन लावा. स्पीकरवर टाका."

अण्णांनी खिशातला फोन बाहेर काढला नाही. "ते गेले," ते म्हणाले. "या थंडीत."

"दुसरं काही विचारा मग."

"दुसरं नाही. त्या भागाचं एवढंच होतं."

"साडी?" अक्षदाने आईकडे वळून विचारलं.

"तुझ्या आजीनं भांडीवालीला दिली. पातेलं घेतलं तिच्यावर."

"आजी म्हणंल, तसली साडी नव्हतीच."

"म्हणंल ना. तिला काय, म्हणायला पैशे पडत्यात का?" वैजयंतीबाई म्हणाल्या. त्या अजून अर्धवट हसत होत्या. काय झालं ते त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागत होता. मग ते पोचलं. अण्णांनी ते पोचताना पाहिलं.

अक्षदा उठली. तिने पर्स खांद्याला लावली. "मी तुला खोटं म्हणत न्हाई, आई. पण मी घरी जाऊन काय सांगू? अण्णांनी उत्तर सांगितलं अन् तू मान डोलावलीस? आजी हसंल. अन् मला तिला काय बोलता येणार न्हाई, कारण मी इथंच बसले व्हते." ती अण्णांकडे वळली. "तुमी चांगलं माणूस आहात. गप बसला असता तर लई बरं झालं असतं."

"अक्षदाताई, माझी चूक आहे, त्यांची नाही. मी आजींकडे येतो, मी त्यांना सांगतो..."

"नका येऊ," ती म्हणाली. "तिथं तुमी काय बोलणार? तुमचं तुमालाच खरं वाटंना."

बाहेर मोटरसायकल सुरू झाली. वैजयंतीबाई दारापर्यंत गेल्या. "हळू चालव रं, मोहित," त्या म्हणाल्या. डोहाळजेवणाबद्दल कुणी काही बोललं नाही. गाडी रस्त्याला लागली, तरी त्या चौकट धरून उभ्या राहिल्या.

अण्णांच्या खिशात फोन थरथरला. समर्थ विचारत असणार. उत्तर आलं, एवढंच लिहिलं तर शेवटच्या भागापुढे यांचं नाव लागेल, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण ग्रुपने मानून काय उपयोग होता? जिने मानायला हवं होतं, ती जुन्नरच्या वाटेला लागली होती.

वैजयंतीबाई आत आल्या, मशीनपाशी बसल्या.

"माझ्या तोंडावर व्हतं, अण्णा," त्या म्हणाल्या. "अजून जरा थांबला असता तर आलं असतं. ती बघायला लागली ना माझ्याकडं, म्हणून सगळं गेलं."

"हो."

"तुमाला तरी पटलं ना?"

अण्णांना लगेच हो म्हणायचं होतं. पण त्याच वेळी त्यांना वाटून गेलं, तो चेहरा उजळला तो आठवलं म्हणून, की सुटका झाली म्हणून? निळा रंग तिथे होता, की लेक समोर बसली होती म्हणून आत्ता आला? ते त्यांना माहीत नव्हतं. आता ते कधीच, कुणालाच माहीत होणार नव्हतं, आणि ते त्यांच्याच तोंडाने झालं होतं.

"पटलं," ते म्हणाले.

प्रश्न आणि उत्तर यांच्या मधला क्षण लहानसाच होता. पण वीस वर्षं लोकांचे असलेच क्षण बघितलेल्या बाईला तो पुरला. त्यांनी मान हलवली, साडीचा चुरगाळलेला पदर मांडीवर घेतला आणि तळहाताने सपाट करू लागल्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "च्या टाकते."

पण त्या उठल्या नाहीत, आणि अण्णांनाही जातो म्हणायचं सुचलं नाही.