सॉर्टेक्सपुढची मुलाखत

"माणसाची पारख कराले चार प्रश्न पुरतात, आन् ते चारही मले तोंडपाठ हायेत," अकोल्याच्या डाळ मिलचे मुख्य फिटर सूर्यभानजी मालकांना म्हणाले आणि पहिला प्रश्न वाचण्यासाठी चष्मा शोधू लागले.

मेकॅनिकची जागा एक, उमेदवार तीन. सूर्यभानजींचा नेम कडक. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं; चहासुद्धा सारखाच, अर्धा कप. पहिली आत आली बाळापूरची दीपमाला. आयटीआय पास. आधी दोन ठिकाणांहून तोंड उघडलं नाही म्हणून परत पाठवलेली, हे तिनंच खाली मान घालून सांगितलं.

"कॉम्प्रेसर म्हंजे काय?"

दीपमालाचे हात हवेतच पाना फिरवू लागले.

"काहून? येत नाही?"

"येते सर. सांगता येत नाही. खोलून दाखवता येते."

हे उत्तर यादीत नव्हतं. सूर्यभानजींना आता राहवेना. शेडमधलं सॉर्टेक्स, म्हणजे डाळीतला काळा दाणा हेरून फेकणारं मशीन, सकाळपासून चांगली तूरडाळही फेकत होतं, आणि ते फोनवरून कंपनीवाल्याचा उद्धार करत होते.

"चाल, थे मशीन पाय बरं."

दीपमालानं फेकलेली डाळ तळहातावर घेतली, फुंकली, बोटानं चोळली.

"काकाजी, एकदम फेकाले लागलं का हळूहळू वाढलं?"

"हळूहळू."

"मंग मशीनच्या डोळ्याले दिसून नाही राह्यलं."

मशीन बंद करून ती आत वाकली. कॅमेऱ्यापुढच्या काचेवर भुकटीचा थर चढला होता. काच झाडणाऱ्या ब्रशची हवेची नळी निसटली होती. नळी बसली, काच पुसली, मशीन सुरू झालं. काळा दाणा बाहेर, पिवळी डाळ आत.

पोरीनं एकच प्रश्न विचारला होता, आणि तो सूर्यभानजींच्या चारांत नव्हता. त्यांनी यादीची घडी करून शेडमधल्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.

"मंग जागा मले का, काकाजी?" दीपमालाचा आवाज पहिल्यांदाच मोठा निघाला.

"तुये गुण लिवले, पैकीच्या पैकी. पण बाहीर दोघं बसून हायेत. त्यायलेबी हेच मशीन, हाच बिघाड. न्याव म्हंजे न्याव!"

मग दाराकडे एकदा बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"तवा पोरी, तेवढी नळी काढून ठेव. आन् काचेले थोडी भुकटी लाव. होती तशीच."