कौशल्याआत्याचं वय

"पाय पस्तीस टक्केच अधू आहे," देवाप्पा क्लार्क कन्नडमध्ये म्हणाला. "अपंगांच्या सरकारी पगाराला चाळीस लागतात."

"मग उरलेले पाच कुठून आणू? दुसरा पाय मोडून घेऊ?" कौशल्याआत्यानं विचारलं.

शहाण्णव सालचा उन्हाळा. आनेकलच्या तालुका कचेरीत आत्या, माझे अप्पा आणि मी सकाळपासून उभे होतो. लहानपणी तापात आत्याचा पाय गेला. लग्न झालं नाही. काजं-बटणं करून ती स्वतःचं भागवायची, पण आता डोळे साथ देईनात. भावाच्या घरी दोन घास होतेच, पण साबणाच्या वडीसाठीसुद्धा माझ्या आईपुढे हात पसरायचा, याचा तिला भारी राग. तिला तो पगार हवाच होता.

देवाप्पाला दया आली असावी. "पासष्ट पूर्ण असती तर म्हातारपणाचा लावला असता. पाय बघायचं कारणच नाही. पण रेशनकार्डावर साठ आहे."

अप्पा खाकरले. "पासष्टच आहे. मी त्रेसष्ट वर्षांचा. ही माझी थोरली बहीण."

मी बघतच राहिले. आत्या धाकटी, हे मी जन्मापासून ऐकलेलं. दर दसऱ्याला अधू पाय कसाबसा मुडपून तीच अप्पांच्या पाया पडायची!

"असू दे हो अण्णा," आत्या पुटपुटली. "चला घरी."

देवाप्पा हसला. "थोरली बहीण धाकट्याला अण्णा म्हणते होय? कुणाला बनवता, स्वामी?"

अप्पांचे कान लाल झाले. आमच्या गल्लीत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. इथं सगळी रांग ऐकत होती.

"हिला बघायला पाहुणे यायचे. पाय अधू, त्यात वय वाढलेलं. आईनं पाच वर्षं कमी केली आणि हिला बजावलं, मानसिंगला, म्हणजे मला, अण्णा म्हणायचं. लग्न काही जमलं नाही. अण्णा तेवढं राहिलं. मला आयता मान मिळत होता, मी कशाला मोडू?"

देवाप्पानं पेन खाली ठेवलं. "सरी, ठीक आहे. सरकारी डॉक्टरांचा वयाचा दाखला आणा. मी लावतो पगार."

बस स्टँडवर ही गर्दी! आत्या काठी टेकत भलत्याच बसकडे निघाली. अप्पांनी हाक मारली, "अक्का!"

शेंगा विकणाऱ्या दोघी वळून बघायला लागल्या.

"अक्का, अगं इकडं!" अप्पा पुन्हा ओरडले.

आत्या चालतच राहिली. ती हाक आपल्याला असेल, असं तिच्या मनातही आलं नाही.