साचवलेलं दूध

चांदणी खुंट्याभोवती फिरत होती. एकाच बाजूनं, मान डावीकडे कलवून. दावं आवळत जायचं, गळा खुंट्याला लागायचा, मग ती उभी राहून लाळ गाळायची. कमरुन्निसानं दावं उलगडून दिलं की पुन्हा तीच फेरी. बदनापुरात शेळ्या पाळता पाळता कमरुन्निसाचे केस पिकले होते. फुगलेलं पोट, आलेलं तोंड, सडलेला खूर, सगळं तिनं पाहिलं होतं. हे असलं काही पाहिलं नव्हतं. तिनं सुनेला, अफ्रीनला, जनावरांच्या दवाखान्यात पिटाळलं.

डॉक्टर प्रियदर्शनी आल्या. त्यांनी शेळीचा लोंबलेला कान पाहिला आणि हात लावायच्या आधी विचारलं, हिला खायला काय घालता? कमरुन्निसानं खरं ते सांगितलं. शेजारच्या गोठ्यातला मुरघास, खड्ड्यात दाबून मुरवलेला हिरवा चारा. खड्ड्यात पावसाचं पाणी शिरून वरचा थर काळा पडला, गायवाल्यानं तो फेकायला काढला आणि हिनं पाटी भरून आणला. फुकट ते पौष्टिक, असं घरात हसून बोलणंही झालं होतं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. इंजेक्शन देऊन त्यांनी विचारलं, ‘हिचं दूध कोण पितं?’

‘घरात कुणी न्हाई,’ कमरुन्निसा म्हणाली. ‘फकस्त एका पेशंटला देते.’

डेंग्यूचा ताप आला की गल्लीतल्या लोकांना आधी कमरुन्निसा आठवते, मग डॉक्टर. पेशी वाढायला शेळीचं दूध, आणि तेही कच्चं. उकळलं की त्यातलं औषध निघून जातं असं सगळेच मानतात, आणि कमरुन्निसा सगळ्यांपेक्षा जास्त मानायची. औषधाच्या दुधाचा ती पैसा घेत नसे. सासूनं घालून दिलेला नेम होता तो. नेणाऱ्यानं भांडं मात्र रिकामं परत करायचं नाही, तळाला मूठभर ज्वारी नाहीतर गुळाचा खडा टाकायचा, एवढाच रिवाज.

पूर्वी हे काम सरळ होतं. धार काढली, भांड्यात ओतली, माणूस घेऊन गेला. पण दुसरी बकरी गाभण होती आणि चांदणी आता आटत आली होती, एका वेळेला वाटीभरसुद्धा देईना. तशात लेकानं, इजहारनं, औंदा फ्रिज आणला. मग बाईनं डोकं चालवलं. किटलीत सकाळचं दूध, त्यात संध्याकाळचं, त्यावर दुसऱ्या दिवसाचं. किटली भरली की धाडायची. रोज झाकण काढून वास घ्यायची. आंबूस नाही, फाटलेलं नाही, जणू आत्ताच काढलंय. फ्रिजवर ती बेहद्द खूश होती.

प्रियदर्शनीबाई तिथंच गोठ्यात उकिडव्या बसल्या. ‘मावशी, थंडीनं जंतू मरत नाहीत. ते गपगार पडून राहतात, म्हणून दूध नासत नाही. पण सडक्या मुरघासातून येणाऱ्या ज्या रोगाचा मला संशय आहे ना, त्याचा जंतू गारव्यातही वाढत राहतो. हळूहळू वाढतो, आणि दुधाला वाससुद्धा येऊ देत नाही. तुम्ही तर जुन्यात नवं ओतत गेलात. उकळलं असतं तर मेला असता. पेशंट कोण आहे?’

‘नंदाबाईची अर्पिता. पहिलटकरीण. बाळंतपणाला माहेरी आलीय, सातवा चालूय.’

डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. धडधाकट माणसाचं एखाद्या वेळी पोट बिघडून निभावेल, त्या म्हणाल्या, पण पोटुशीला हा ताप फार वाईट. तो आतल्या बाळापर्यंत जातो. तपासल्याशिवाय खात्री नाही. औषध आहे, पण दवाखान्यातल्या डॉक्टरला काय शोधायचं हे कळलं पाहिजे. आत्ताच्या आत्ता सांगा.

कमरुन्निसा मोबाइल शोधायला उठली. अर्पिताचा ताप उतरला होता आणि परवा तो उलटला होता. डेंग्यूच मुरलाय असं म्हणून तिला जालन्याला भरती केलं होतं. आणि काल नंदाबाईचा हरिओम बर्फात घालून नवी किटली घेऊन गेला होता.

तिनं नंदाबाईला फोन लावला. ते दूध देऊ नको, डॉक्टरला सांग, असं ती घाईघाईनं बोलली. पलीकडून नंदाबाई भलत्याच गोड आवाजात म्हणाली, ‘हो हो, समदं बरं हाय, मंग बोलू,’ आणि फोन कट. कमरुन्निसानं ओळखलं. शेजारी अर्पिताची सासू असणार. सोनूबाईनं भरतीच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं की डॉक्टरनं दिल्याबिगर माझ्या सुनेच्या तोंडात थेंब पडता कामा नये. नंदाबाई दूध चोरून पाजत होती. पुन्हा लावला तर फोन बंद.

जालन्याची काळीपिवळी जीप भरेपर्यंत सुटेना. ड्रायव्हर एकेका माणसाला हाका मारत होता आणि कमरुन्निसा दातावर दात रोवून बसली होती. मनात एक हलकट विचार आला, तो तिनं येऊ दिला. नुसतं दूध ओतून द्यायला लावलं तर? शेळीचं, मुरघासाचं, कशाचंच नाव काढलं नाही तर? आपली इतक्या वर्षांची अब्रू झाकली राहील. मग तिला लहानपणची अर्पिता आठवली, करडाला कडेवर घेऊन गल्लीभर मिरवणारी, आपल्याला खाला खाला म्हणत मागं मागं फिरणारी. तिला स्वतःची शिसारी आली.

वॉर्डात अर्पिता डोळे मिटून पडली होती, ओठ सुकलेले. उशाशी सोनूबाई, पायथ्याला नंदाबाई. डॉक्टर कागद बघत उभे होते.

‘कमरूबी, तू कामून आलीस इतक्या लांब?’ नंदाबाईनं विचारलं आणि डोळ्यांनी गप्प राहा म्हणून खुणावलं.

कमरुन्निसानं तिच्याकडं पाहिलंच नाही. ती सरळ डॉक्टरांना म्हणाली की ही पोरगी माझ्या शेळीचं कच्चं दूध पिऊन राह्यली, आणि ती शेळी आजारी आहे. डॉक्टरांनी मान वर केली. सोनूबाई उठून उभी राहिली.

‘न्हाई वो, मी कुठं काय दिलं,’ नंदाबाई म्हणाली, आणि बोलता बोलता तिनं पायानं काहीतरी कॉटखाली ढकललं. कमरुन्निसानं वाकून ते ओढून काढलं. ओल्या फडक्यात गुंडाळलेली तिचीच किटली, निम्मी रिकामी.

आता नंदाबाई आपल्यावर उलटणार, बोटं मोडणार, असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर बरं होतं. नंदाबाईनं किटली तिच्या हातातून घेतली आणि डॉक्टरांपुढं धरली.

‘व्हय, दिलं मी. रोज दिलं. पर ही भेदरलीय साहेब. हिच्या दुधानं आमच्या गल्लीत कितीक माणसं उठून बसली. हिच्या हातचं दूध खराब निघंल व्हय? मीच पिऊन दावते.’

तिनं झाकण काढून किटली तोंडाला लावली. कमरुन्निसानं तिच्या हातावर फटका मारला. दूध नंदाबाईच्या लुगड्यावर सांडलं, फरशीवर ओघळलं. पांढरंशुभ्र, निर्मळ.

‘वास तरी येतो का त्याला?’ नंदाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

‘वास येत न्हाई, म्हणूनच सांगून राह्यले,’ कमरुन्निसा म्हणाली. ‘मीच साचवलं. मीच म्हणले उकळू नका. नंदाबाई, माझ्यावर इतका भरोसा ठिवू नको.’

डॉक्टरांनी जास्त बोलण्यात वेळ घालवला नाही. प्रियदर्शनीबाईंना फोन लावला, अर्पिताचं रक्त काढून घेतलं, किटलीतलं उरलेलं दूध तपासायला ठेवलं आणि रिपोर्टची वाट न बघता सलाइनमधून दुसरं औषध सुरू केलं. नर्सनं पोटावर यंत्र फिरवलं. बराच वेळ नुसती खरखर. मग ठोके ऐकू आले, बारीक आणि भरभर. सोनूबाईनं पदर तोंडाला लावला. जरा वेळानं ती कमरुन्निसाला म्हणाली, आता तुम्ही जा. नंदाबाई लुगड्यावरचं दूध पुसत राहिली, तिनं वरही पाहिलं नाही.

चांदणी त्याच आठवड्यात मेली. रिपोर्ट आला, जंतू दुधात निघाला आणि रक्तातही. अर्पिताचा ताप उतरला, बाळ फिरतंय, असं अफ्रीननं गल्लीतून ऐकून येऊन सांगितलं. कमरुन्निसाकडं मात्र दुधासाठी कुणी फिरकेना, आणि तिलाही कुणाच्या दारात जाववेना. सगळ्यांत जास्त सलत होतं ते नंदाबाईचं गप्प राहणं.

आणि एका सकाळी नंदाबाई दारात उभी राहिली. हातात जड बुडाचं पातेलं.

‘किटली दवाखान्यातच ऱ्हायली,’ ती म्हणाली. ‘हे घे तिच्या बदली.’

पातेल्याच्या तळाला मूठभर ज्वारी होती. कमरुन्निसाला हुंदका आवरेना.

‘रडायचं ते मंग. दुसरी बकरी व्याली, दुभती हाय ना? ह्याच्यात धार काढ, ह्याच्यातच उकळ. अर्पिताला न्यायचंय. मी बसते.’

कमरुन्निसानं ज्वारी सुपात ओतली, पातेलं घासलं, धार काढून गॅसवर ठेवलं. दोघी शेजारी उभ्या राहून बघत राहिल्या. साय धरली, कडेनं बुडबुडे आले, दूध फसफसून वर आलं. कमरुन्निसानं गॅस बंद करायला हात पुढं केला, तर नंदाबाईनं तिचं मनगट धरलं.

‘थांब,’ ती म्हणाली. ‘अजून एकडाव येऊ दे.’