ज्याचं ओझं त्याच्या सायकलीवर

फ्रान्समधल्या सायकल सहलीच्या चौथ्या दिवशी सकाळी वित्स्केची खात्री पटली. तिच्या सायकलीच्या पिशव्या रोज जड होत होत्या. कॅम्पच्या हिरवळीवर पिशव्यांना काही पिल्लं होत नाहीत. म्हणजे कुणीतरी भरत होतं, आणि तो कुणीतरी तिचा नवरा योरितच असणार.

नेदरलंड्समधल्या फ्रीसलंडहून, घरून निघताना न्हाणीघरातल्या काट्यावर तिघांचं सामान मोजलं होतं. योरितचं बावीस किलो, तिचं सोळा, बारा वर्षांच्या नीन्केचं सात. घरचा नियम साधा होता, ज्याचं ओझं त्याच्या सायकलीवर. गॅसची छोटी चूल, तंबूच्या खुंट्या आणि घरून आणलेले पाच किलो बटाटे योरितकडे. फ्रान्समध्ये बटाटे मिळत नाहीत असं नाही, पण फ्रेंच बटाट्यावर भरवसा ठेवणारा माणूस त्यांच्या गल्लीत अजून जन्माला यायचा होता.

आणि आज तिच्या पिशवीच्या तळाशी टॉवेलात गुंडाळलेले सहा बटाटे निघाले. खाली खुंट्याही.

तिने नुसती पाळत ठेवायचं ठरवलं. आता तिला मागचंही आठवू लागलं. प्रत्येक चढावर हा मागे राहायचा आणि 'फोटो काढत होतो' म्हणायचा. काल फोटो मागितले तर दोन गायी दाखवल्या, त्यातली एक पाठमोरी. वीस वर्षं घराकडच्या समुद्राच्या बांधावरच्या उलट्या वाऱ्यात याच माणसाने तिच्या पाठीवर हात ठेवून तिची सायकल ढकलली होती, आणि आता चोरून बटाटे तिच्या गळ्यात? तिला राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं.

दुपारच्या चढावर तो पुन्हा मागून धापा टाकत आला.

"काय रे, ओझं हलकं झालं तरी मागेच?" तिने टोमणा मारला.

योरितने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ऊन आहे," एवढंच म्हणाला.

"ऊन आम्हालाही तेवढंच आहे."

त्याने पाण्याची बाटली तोंडाला लावली. चोराच्या मनात चांदणं, असं तिने मनातल्या मनात म्हणून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी योरित चालत पाव आणायला गेला. वित्स्के साबणाची डबी घेऊन अंघोळीला निघाली आणि कुंपणाच्या झुडपामागे उभी राहिली. जरा वेळाने तंबूची चेन हळूच उघडली. नीन्के चवड्यांवर बाहेर आली, बापाच्या पिशवीतून चूल काढली आणि आईच्या पिशवीत सारली.

"नीन्के."

पोरगी जागीच थिजली.

"बाबाने सांगितलं तुला हे?"

"नाही. त्याला वाटतं, तूच काढतेस."

"मी?"

"पहिल्या चढावर तो रस्त्याकडेला बसला होता. छाती धरून. म्हणाला, आईला सांगू नकोस, सुट्टी बुडेल." नीन्केचा आवाज बारीक झाला. "मी सांगितलं नाही. फक्त सामान हलवलं. काल तू म्हणालीस ना, ओझं हलकं झालं तरी मागेच? तेव्हा तो मला म्हणाला, आईला सगळं कळलंय वाटतं." तिने स्वतःची पिशवी उघडली. "सगळं तुझ्याकडेच नाही टाकलं. अर्धे बटाटे माझ्याकडे आहेत."

वित्स्के पोरीला जवळ घेऊन तिथेच गवतात बसली. कालचे आपले शब्द तिला पुन्हा ऐकू येत होते.

योरित काखेत लांब पाव घेऊन आला, तेव्हा तिने सगळ्या पिशव्या सायकलींवरून उतरवल्या होत्या.

"आज खिंड चढायची नाही. खाली गावात डॉक्टर आहे, मी फोन केला, त्याने लगेच बोलावलंय. कॅम्पवाली गाडी देतेय."

"गाडीत मी बसणार नाही." त्याने पाव नीन्केकडे दिला. "उतारच तर आहे. सायकलने येतो."

कॅम्पच्या दारापासून रस्त्यापर्यंत मात्र पन्नास पावलांचा चढ होता. वित्स्केने आपली सायकल त्याच्या बाजूला घेतली आणि तळवा त्याच्या पाठीवर टेकवला. ऊन अजून यायचं होतं, तरी सदरा भिजलेला होता. वीस वर्षांत तिने कधी त्याला ढकललं नव्हतं. एकदा गंमत म्हणून हात लावला होता, तर त्याने हसून झटकून टाकला होता.

आज त्याने हात झटकला नाही, आणि ती खरी घाबरली.